सातांच्या पंक्तीला आठवे पान

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे आपल्यापैकी बहुतेक मुले आजोळी, आत्याकडे किंवा काकांच्या गावी जातात. तेथे आधीच भावंडांचा मोठा गोतावळा असतो. रात्री ओसरीवर एका ओळीने अंथरुणे पडतात, सकाळी एका पंक्तीला न्याहारी होते, आणि पाहुणे म्हणून आलेले मूल दोन दिवसांत घरचे होऊन जाते. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिच्यात काही विशेष आहे असे आपणांस वाटतही नाही. परंतु क्षणभर अशी कल्पना करावी की, ज्या घरी जावयाचे ते घर परदेशात आहे. त्या घरातील एकाही माणसाचे तोंड आपण पूर्वी पाहिलेले नाही. त्यांची भाषा आपणांस येत नाही व आपली त्यांस कळत नाही. आणि आपण तेथे हौसेने चाललो नसून, आपल्या घरी पोटभर अन्न नाही म्हणून आईने आपणांस पाठविले आहे. अशा मुलाच्या मनात काय येत असेल? आणि त्याला घरात घेणाऱ्या आईबापांस व त्यांच्या मुलांस काय करावे लागत असेल?

हे प्रश्न नुसत्या कल्पनेतले नाहीत. गेल्या शंभर वर्षांत अशी हजारो मुले परक्या देशांतील कुटुंबांत काही आठवडे, काही महिने, क्वचित काही वर्षे राहिलेली आहेत. त्यांना आसरा देणाऱ्यांत सधन घरे होती, तशीच बेताच्या मिळकतीची व मुलाबाळांनी भरलेली घरेही पुष्कळ होती. असा पाहुणचार कोणत्या कारणाने सुरू झाला, तो कसा चालतो, त्यात कोणाला काय द्यावे लागते, आणि त्यातून शेवटी काय उरते, हे एका खऱ्या उदाहरणाच्या आधारे विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले व १९१८ च्या नोव्हेंबरात संपले. तोफा थांबल्या, पण भूक थांबली नाही. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना ही त्यापूर्वी एका विस्तीर्ण साम्राज्याची राजधानी होती. हंगेरीचे धान्य आणि बोहेमियाचा कोळसा यांवर ते शहर जगत असे. युद्धाच्या अखेरीस साम्राज्य मोडले, त्याच्या तुकड्यांची निरनिराळी राष्ट्रे झाली, आणि शेते एका देशात, खाणी दुसऱ्या देशात व खाणारी तोंडे तिसऱ्या देशात अशी अवस्था झाली. थंडीच्या दिवसांत चुलीत घालावयास कोळसा नाही, मुलांना पाजावयास दूध नाही, अशी कित्येक घरे त्या शहरात होती. गिऱ्हाइकांनी भरलेली दुकाने व नाटकगृहे यांविषयी जे शहर जगात प्रसिद्ध, त्याच शहरात लहान मुले क्षयाने व मुडदुसाने खंगू लागली.

मुडदूस म्हणजे हाडे मऊ पडून ती वाकण्याचा रोग. त्याचे कारण त्या काळी नीटसे समजलेले नव्हते. १९१९ ते १९२२ या अवधीत हॅरिएट चिक नावाच्या इंग्रज संशोधक बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह व्हिएन्नातील बालरुग्णालयात राहून प्रयोग केले आणि दाखवून दिले की, कॉड माशाच्या यकृताचे तेल व सूर्यप्रकाश या दोहोंपैकी कशानेही हा रोग टाळता येतो, किंबहुना बराही करता येतो. आज आपण ‘ड’ जीवनसत्त्व म्हणतो त्याचा हा प्रभाव होय. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. उपासमारीने खंगलेल्या मुलास स्वच्छ हवेच्या, उन्हाच्या व दुधादुभत्याच्या ठिकाणी काही दिवस नेऊन ठेवणे ही चैन नव्हे; तो औषधोपचारच आहे.

मदत करण्याचे मार्ग दोन होते. अन्न मुलाकडे न्यावे, हा एक. आणि मुलास अन्नाकडे न्यावे, हा दुसरा. पहिल्या मार्गाने पुष्कळ काम झाले. लंडन येथे १९१९ साली एग्लंटाइन जेब व त्यांच्या भगिनी डोरोथी बक्स्टन यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था स्थापन केली. कालच्या शत्रूच्या मुलांना आपण का पोसावे, असे विचारणाऱ्या लोकांना न जुमानता त्यांनी निधी जमविला. अमेरिकेतून आलेल्या मदतीने व्हिएन्नात मुलांसाठी अन्नछत्रे चालली. परंतु ज्यांची प्रकृती अगदीच खालावली होती, त्यांना नुसती दुपारची एक वाटी पेज पुरेना. अशा मुलांकरिता दुसरा मार्ग निघाला. हॉलंड, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, स्वीडन हे देश युद्धात तटस्थ राहिले होते. तेथील चर्चमंडळ्या, कामगारांच्या संघटना व साधे गृहस्थ पुढे आले आणि म्हणू लागले की, मुलांना आमच्या घरी पाठवा.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्या गोष्टीतील एक बारकावा पुष्कळदा नजरेतून निसटतो. त्या प्रवाशाने जखमी मनुष्याला पट्टी बांधली एवढेच नव्हे. त्याला जनावरावर घालून उतारशाळेत नेले, तेथील मालकाला पैसे दिले व पुढचा हिशेबही आपल्या अंगावर घेतला. म्हणजे दयेच्या जोडीला त्याने व्यवस्था ठेवली. या मुलांच्या बाबतीतही तसेच झाले. कोणती मुले अधिक अशक्त आहेत हे पाहावयाचे, त्यांच्या आईबापांची संमती घ्यावयाची, राहण्याची मुदत ठरवावयाची, आणि मग मुलांस आगगाडीने रवाना करावयाचे, असा क्रम असे. मुलाच्या गळ्यात दोरीने एक पाटी अडकविलेली असे. परक्या मुलखात ज्याला बोलता येणार नाही, त्याच्या वतीने ती पाटीच बोलत असे.

१९२० च्या डिसेंबर महिन्यात अशाच एका आगगाडीने अकरा वर्षांची एक मुलगी व्हिएन्नाहून हॉलंडमधील लायडन या गावी आली. तिचे नाव हर्मिने. १५ फेब्रुवारी १९०९ हा तिचा जन्मदिवस. अन्न कमी पडल्यामुळे तिची प्रकृती फार क्षीण झाली होती. लायडन येथील ज्या कामगार कुटुंबाने तिला घरात घेतले, त्यात आईबाप व त्यांची स्वतःची पाच मुले अशी सात माणसे होती. त्या सातांच्या पंक्तीला आठवे पान मांडले गेले. घरच्या लोकांनी तिला ‘मीप’ हे लाडके डच नाव दिले, आणि पुढे शंभराव्या वर्षापर्यंत ती त्याच नावाने ओळखली गेली.

येथे कोणीही विचारील की, पाच मुलांच्या कामगाराने सहावे मूल कशाला आणावे? ज्याच्या घरी एकही मूल नाही अशा एखाद्या धनिकाकडे तिला अधिक सुख लागले नसते काय? वरवर पाहता हे बरोबर दिसते. परंतु मुलांच्या स्वभावाचा ज्यांस अनुभव आहे ते वेगळे सांगतील. एकट्या मुलाला मोठ्या वाड्यात नेऊन ठेवले तर दिवसभर सर्वांचे डोळे त्याच्यावर खिळतात. ते किती जेवले, हसले की नाही, रडले की काय, याचीच चर्चा होते. भरलेल्या घरात तसे घडत नाही. तेथे आलेले मूल रांगेतले एक होते. त्याच्याकडे टक लावून पाहत बसण्यास कोणाला सवड नसते, आणि परक्या मुलाला पहिल्या आठवड्यात हीच सर्वांत मोठी विश्रांती असते. कोपऱ्यात बसून ते सारे पाहते. पादत्राणे कोठे ठेवावयाची, प्रार्थनेच्या वेळी काय करावयाचे, पाणी कोठून घ्यावयाचे, हे त्याला शब्दांवाचून समजते, कारण त्याच्या पुढे पाच जण तेच करीत असतात.

भाषेचेही असेच आहे. व्याकरणाच्या पुस्तकाने मनुष्य हळूहळू शिकतो. खेळगड्यांकडून झपाट्याने शिकतो. ‘दे’, ‘घे’, ‘माझे’, ‘तुझे’, ‘पळ’, ‘थांब’ हे शब्द मुले एकमेकांस दिवसातून शंभर वेळा म्हणतात आणि चूक झाली तर तेथल्या तेथे हसून सुधारतात. मीपला लायडनला उतरताना डच भाषेचा एक शब्द येत नव्हता. परंतु ती शाळेत जाऊ लागली आणि थोड्याच महिन्यांत चांगल्या विद्यार्थ्यांत गणली गेली.

तथापि या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर लेख एकांगी होईल. पाहुणचाराचा मान आईबापांस मिळतो, पण त्याची किंमत पुष्कळ अंशी घरची मुले देतात. पाचांत वाटावयाची वस्तू सहांत वाटली म्हणजे प्रत्येकाचा वाटा लहान होतो, हे गणित पहिलीतले मूलही करू शकेल. बिछान्यातील जागा, नवा कपडा, संध्याकाळी आईजवळ बसण्याची वेळ, यांपैकी प्रत्येकातून थोडे काढून द्यावे लागते. आईने आलेल्या मुलाच्या केसांवरून हात फिरविला तर आपल्या मुलाच्या पोटात दुखते, आणि ते दुखणे खोटे नसते. सुज्ञ आईबाप त्या मुलाला मत्सरी म्हणून रागावत नाहीत. पाहुण्याला देवघेवीत व कामातही भागीदार करणे, हाच त्यावरचा उतारा आहे. घरची मुले भांडी पुसत असता पाहुणे मूल नुसते बसून राहिले तर ते पाहुणेच राहते; त्याच्याही हाती फडके दिले म्हणजे ते भावंड होते.

अन्नाच्या बाबतीतही प्रेमाला शहाणपणाची जोड लागते. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकाएकी भरपूर खाऊ घातले तर ते अपायकारक, प्रसंगी प्राणघातकही होते, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले आहे. म्हणून अशा मुलास थोडे थोडे, पचण्यास हलके असे अन्न वेळेवर द्यावे लागते. जे अन्नाला लागू, तेच मायेलाही. पहिल्याच दिवशी त्याला कवटाळून आपणांस ‘आई’ म्हणावयास लावू नये. त्याची आई जिवंत आहे, दूर आहे, आणि रात्री दिवा मालवला म्हणजे त्याला तीच आठवते.

मीपला प्रथम तीन महिन्यांच्या मुदतीने पाठविण्यात आले होते. तेवढ्यात प्रकृती सुधारेना, म्हणून मुदत वाढविण्यात आली. आणि मग ती पुनःपुन्हा वाढत गेली. १९२२ साली ते कुटुंब लायडन सोडून ॲम्स्टरडॅम येथे राहावयास गेले, तेव्हा मीपही त्यांच्याबरोबर गेली. सोळा वर्षांची झाल्यावर तिला तिच्या पालक आईबापांनी व्हिएन्नाला आपल्या माणसांच्या भेटीस नेले. परंतु आता रस्ते ओळखीचे असूनही ते शहर तिला आपले वाटेना. तिचे मन ॲम्स्टरडॅममध्ये होते. ही गोष्ट तिच्या जन्मदात्या आईने ओळखली आणि मुलीला परत जाऊ दिले.

या ठिकाणी वाचकांनी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. आपण नेहमी आसरा देणाऱ्याची स्तुती करितो, आणि ती योग्यच आहे. परंतु जिने आपल्या अशक्त लेकरास आगगाडीत बसविले, तीन महिन्यांनी ते परत येईल या आशेवर राहिली, आणि पाच वर्षांनी आपल्यासमोर उभी असलेली तरुण मुलगी आता दुसऱ्या घरची झाली आहे हे पाहून तिला अडविले नाही, त्या आईचे दान कोणाहून कमी आहे? डच कुटुंबाने एक पान वाढले. व्हिएन्नाच्या आईचे एक पान कायमचे उणे झाले. परक्या मुलाचा पाहुणचार किती नाजूक काम आहे, हे यावरून कळते.

म्हणूनच पुढील काळात अशा व्यवस्थांत मुलाने परत जाण्याच्या मुदतीवर विशेष भर दिलेला आढळतो. याचे एक उदाहरण आपल्या काळातील आहे, आणि ते उन्हाळ्याचेच आहे. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील पश्चिम सहारा हा प्रदेश पूर्वी स्पेनची वसाहत होता. १९७६ साली स्पेन तेथून निघून गेला, त्या भूमीच्या ताब्यावरून युद्ध पेटले, आणि हजारो सहरावी लोक पळून शेजारच्या अल्जीरिया देशातील तिंदूफ गावाजवळच्या वाळवंटात आले. तेथे तंबूंच्या व मातीच्या घरांच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्या आजही आहेत. पाणी टाक्यांतून आणावे लागते, अन्न मुख्यतः बाहेरच्या मदतीवर अवलंबून असते, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर चढतो.

या छावण्यांतील मुलांसाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक उपक्रम सुरू झाला. ‘शांततेतील सुट्टी’ असे त्याच्या स्पॅनिश नावाचे मराठी रूपांतर करिता येईल. साधारणतः आठ ते बारा वर्षांची मुले जुलै व ऑगस्ट हे दोन महिने भूमध्य समुद्र ओलांडून स्पेनमधील कुटुंबांत राहतात. भर बहराच्या काळात एकेका उन्हाळ्यात दहा हजारांच्या आसपास मुले जात असत. पुढे ही संख्या घटली. महामारीमुळे २०२० व २०२१ या दोन वर्षी हा उपक्रम बंद ठेवावा लागला व २०२२ साली तो पुन्हा सुरू झाला. मूल आले म्हणजे त्याचे डोळे, दात व रक्त तपासून घेतात. चष्मा लागत असेल तर तो करून देतात. वाळवंटात जन्मलेल्या या मुलांस तोटी फिरविताच येणारे पाणी हे पहिले नवल वाटते आणि समुद्र हे दुसरे. त्यांची मातृभाषा अरबीची एक बोली आहे; छावणीतील शाळेत थोडी स्पॅनिश शिकलेली असते, तिचा येथे उपयोग होतो. सुट्टी संपली की, कपडे, वह्या व औषधे यांनी भरलेली पेटी घेऊन मूल आपल्या आईकडे परत जाते. पुष्कळ मुले पुढच्या उन्हाळ्यात त्याच घरी येतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्यासारखा आहे. दोन महिने थंडगार घर, फळे व समुद्र दाखवून मुलाला पुन्हा त्याच उन्हात परत पाठविणे ही दया आहे की निर्दयता? मला वाटते, याचे उत्तर यजमान काय देतो यावर अवलंबून आहे. जो केवळ वस्तू देतो, तो मुलाच्या मनात आपल्या घराविषयी लाज उत्पन्न करितो. जो मुलाला त्याच्या घराविषयी आदराने विचारतो, त्याच्या आईची खुशाली घेतो, त्याच्याकडून त्याच्या भाषेतील चार शब्द शिकतो, तो मुलाची मान उंच ठेवून त्याला परत पाठवितो. अशा मुलास दोन घरे मिळतात. पहिल्याचे एक घरही जाते.

मुलाचे मूळ न तोडता त्याला आसरा देता येतो, याचा एक मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या दूरच्या मुलखात नेऊन टाकलेले पुष्कळ पोलिश लोक १९४२ साली इराणमार्गे बाहेर पडले. त्यांपैकी सुमारे पाच हजारांस, ज्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. तेथे कुटुंबाऐवजी सबंध वसाहतच यजमान होती, एवढा फरक. पण मुलांच्या शाळा पोलिश भाषेत चालत, त्यांचे चर्च होते, त्यांचे सण होत. ती मुले पुढे जगभर पांगली; तथापि त्यांतील कित्येक जण म्हातारपणी कोल्हापूर पाहण्यास पुन्हा आले. ज्यांची भाषा व नाव आपण हिरावून घेतले नाही, तेच आपली आठवण प्रेमाने ठेवितात, असा याचा अर्थ आहे.

आता मीपकडे परत वळू या, कारण अशा पाहुणचारातून शेवटी काय उरते हा प्रश्न अजून राहिला आहे.

मीप शिकून मोठी झाली व १९३३ साली ॲम्स्टरडॅम येथील एका कचेरीत नोकरीस लागली. तेथे मुरंबे घट्ट करण्यासाठी लागणारे पेक्टिन विकले जात असे. कचेरीचे मालक ओटो फ्रँक हे ज्यू होते आणि हिटलरच्या छळास कंटाळून जर्मनीतून हॉलंडला आलेले होते. १९४० साली जर्मन सैन्याने हॉलंडही जिंकले. मीपचे पारपत्र ऑस्ट्रियाचे, म्हणून आता ते जर्मन ठरले होते. नाझी स्त्रियांच्या संघटनेत सामील होण्याचे तिने नाकारले, तेव्हा तिला व्हिएन्नाला परत धाडण्याची धमकी देण्यात आली. १६ जुलै १९४१ रोजी यान गीस या डच तरुणाशी तिचा विवाह झाला आणि कागदावरही ती हॉलंडची झाली.

पुढच्याच उन्हाळ्यात, १९४२ च्या जुलैत, फ्रँक कुटुंबातील चौघे व त्यांच्या स्नेह्यांच्या कुटुंबातील तिघे अशी सात माणसे कचेरीच्या मागील भागात लपून राहू लागली. त्या चौघांत तेरा वर्षांची ॲन होती. ओटो फ्रँक यांनी आगाऊ विचारले असता मीपने ताबडतोब होकार दिला होता. त्या दिवसापासून तिने व तिच्या काही सहकाऱ्यांनी त्या सातांस जगविण्याचे काम अंगावर घेतले. रेशनपत्रिका मिळवावयाच्या, निरनिराळ्या दुकानांतून कोणाला संशय न येईल अशा बेताने भाजीपाला आणावयाचा, पुस्तके पोहोचवावयाची, हे तिचे रोजचे कर्तव्य झाले. पकडले गेल्यास आपली गत काय होईल, हे तिला पुरते ठाऊक होते. काही महिन्यांनी तिच्या दाताच्या डॉक्टरांनी, फ्रिट्झ फेफर यांनी, लपण्यास एखादी जागा आहे काय, असे तिला विचारले. तिने ते ओटो फ्रँक यांच्या कानावर घातले, आणि १९४२ च्या नोव्हेंबरात त्या सातांच्या पंक्तीला आठवे पान मांडले गेले. याशिवाय मीप व यान यांनी आपल्या राहत्या घरीही एका विद्यार्थ्यास लपवून ठेविले होते.

४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलीस आले व आठही जणांस घेऊन गेले. पकडण्यास आलेला अधिकारी व्हिएन्नाचा आहे हे मीपने त्याच्या बोलण्यावरून ओळखले व आपणही त्याच गावच्या आहोत असे त्यास सांगितले. त्याने तिला अटक केली नाही. लहानपणची बोली तिच्या कानांतून गेली नव्हती, तीच त्या घटकेस उपयोगी पडली. ते लोक गेल्यावर लपण्याच्या जागेत जमिनीवर विखुरलेले ॲनच्या रोजनिशीचे कागद मीप व तिची सहकारी यांनी गोळा केले. ॲन परत येईल तेव्हा तिच्या हाती द्यावे, म्हणून मीपने ते न वाचता आपल्या टेबलाच्या खणात ठेविले. ॲन परत आली नाही. आठांपैकी एकटे ओटो फ्रँक वाचले. ॲनच्या मृत्यूची खात्री पटल्यावर, १९४५ च्या उन्हाळ्यात, मीपने ते कागद त्यांच्या स्वाधीन केले. १९४७ साली त्यांचे पुस्तक झाले. आज जगातील पुष्कळ भाषांत ते वाचले जाते; मराठीतही त्याचा अनुवाद झालेला आहे. मीप गीस ११ जानेवारी २०१० रोजी मरण पावल्या.

लायडनच्या त्या कामगाराने पाव वाढला म्हणूनच ॲनची रोजनिशी वाचली, असा साधा हिशेब मांडणे बरोबर होणार नाही. मनुष्याच्या अंतःकरणाचा हिशेब इतका सरळ नसतो, आणि बालपणी उपकार झालेले सर्वच जण पुढे उपकार करितात असेही नाही. परंतु एवढे मात्र निश्चित की, अकराव्या वर्षी उपाशी येऊन जी मुलगी परक्या पंक्तीला बसली होती, तिला भरलेल्या घरात आणखी एकाला जागा होते किंवा नाही हा वाद घालण्याचे कारण उरले नव्हते. तिने ते डोळ्यांनी पाहिले होते.

विद्यार्थीमित्रांनो, आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी समुद्रापलीकडून मूल राहावयास येईल. पण वर्गात मध्येच दाखल झालेला, आपली भाषा अडखळत बोलणारा मुलगा येतो. वसतिगृहात पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून रडणारी मुलगी येते. दुष्काळामुळे गाव सोडून आलेल्या मजुराची मुले शाळेच्या कुंपणापाशी उभी राहतात. त्यांच्या गळ्यात पाटी नसते, एवढेच. पालकांसही माझे नम्र सांगणे आहे की, या सुट्टीत आपल्या मुलांबरोबर एखादे परके मूल घरी जेवावयास आले तर त्याचे ताट निराळे, मानाचे म्हणून मांडू नये. आपल्या मुलांस थोडे सरकून बसावयास सांगावे व त्याच पंक्तीत आणखी एक पान वाढावे. सरकून बसण्याचा हा धडा शाळेच्या कोणत्याही पुस्तकात शिकविता येत नाही. तो घरीच शिकावा लागतो.